आधी कोष्टक वाचा

माझा एक जुना शिष्य लास व्हेगासला जाऊन आला. तिथल्या जुगारगृहात व्हिडिओ पोकरच्या यंत्रापुढे तासभर बसला, हरला आणि बोल मात्र नशिबाला लावला. मी विचारले, "यंत्रावरचे कोष्टक वाचले होतेस का?" तो नुसता हसला.

चूक त्या हसण्यातच आहे. नेवाडा राज्याच्या नियमाप्रमाणे या यंत्राने ५२ पत्ते खऱ्या जोडातून यावेत तसेच वाटले पाहिजेत. म्हणजे पत्ते सगळीकडे सारखे. फरक पडतो तो कोणत्या हाताला किती नाणी मिळतात यात, आणि ते तर यंत्राच्या तोंडावरच लिहिलेले असते!

गुलामांच्या जोडीपासून पैसे देणाऱ्या खेळात दोन ओळी पाहाव्यात. एका नाण्यामागे फुल हाउसला ९ व फ्लशला ६ असतील, तर पाच नाणी लावून बिनचूक खेळणाऱ्यास शंभरातले सरासरी ९९.५४ परत मिळतात. ८ व ५ असतील, तर ९७.३०. फरक क्षुल्लक वाटतो? सव्वा डॉलरचा एक, असे तासाला ६०० डाव धरा. पहिल्या यंत्रावर सरासरी तोटा साडेतीन डॉलरांचा, दुसऱ्यावर वीस डॉलरांचा!

तोटा दोन्हीकडे आहेच. जुगाराची भलामण मी करीत नाही. पण तंबोरा न लावता गायला बसणाऱ्याने बेसूरपणाचे खापर दैवावर फोडू नये. ज्याला खेळायचेच आहे, त्याने आधी वाचावे. आणि वाचून तो उठून गेला, तर फारच उत्तम.