जप्ती उठली, की शेजाऱ्याच्या मानेवर बसली?

गेल्या सुगीत आमच्या शाळेजवळच्या एका सुताराच्या घरी दिवाणी कोर्टाचा बेलीफ आला. रंधा, करवत, वाकस, पटाशी, सारे पंचनाम्यात चढले. सुताराची बायको रडू लागली. तेव्हा शेजारच्या एका भल्या कुणब्याने ‘माल मी सांभाळतो’ म्हणून कागदावर सही केली आणि हत्यारे गावातच राहिली. घरात आनंदीआनंद झाला. आम्हांस मात्र वाईट वाटले. जप्ती उठली नव्हती. ती शेजाऱ्याच्या मानेवर जाऊन बसली होती.

१९०८ सालच्या दिवाणी प्रक्रिया संहितेत अशी सोय आहे खरी. जनावरे, औते वगैरे हलविण्यास अडचणीचा जप्त माल गावातल्या भरवशाच्या माणसाच्या ताब्यात ठेवता येतो. पण कोर्टाने मागितल्यावर तो माल हजर झाला नाही, तर भरपाई त्या माणसाकडून वसूल होते. आणि हुकूमनाम्याच्या रकमेलाच कोणी जामीन राहिला, तर कलम १४५ प्रमाणे दरखास्त थेट त्याच्यावर चालते. माणुसकीने केलेली सही अशी घराला भोवते.

बंधूंनो, याहून मोठी गोष्ट ही, की ती हत्यारे जप्त होण्याजोगी नव्हतीच! कलम ६० पाहा. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे. तसेच शेतकऱ्याची औते, पोटापाण्यास लागतील असे कोर्टास वाटेल तितकी गुरे व बियाणे, आणि त्याचे राहते घर, यांना जप्ती लागत नाही. गहाण दिलेल्या मालाची गोष्ट निराळी. ‘ही सवलत मी सोडतो’ असे सावकाराने लिहून घेतले, तरी १९७६ च्या दुरुस्तीने तो करार रद्दबातल ठरतो. सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी जप्तीसाठी राहत्या घरात शिरण्याचीही मनाई आहे.

सुताराला घेऊन आम्ही तालुक्यास गेलो व अर्ज दिला. तीन तारखा पडल्या, मजुरी बुडाली. पण हत्यारे जामिनावाचून मोकळी झाली. शेजारीही सुटला.

१८७५ साली सुप्याच्या बाजारात आमच्या वाडवडिलांनी सावकाराचे कागद जाळले, तेव्हा कोठे १८७९ चा शेतकऱ्यांचा कायदा झाला. इतक्या मोलाने मिळालेले संरक्षण आज आम्ही न वाचता अंगठ्याखाली दडपतो, हे लाजिरवाणे नव्हे काय?

कर्ज बुडवा, असे आम्ही सांगत नाही. घेतले ते फेडलेच पाहिजे. पण हत्यार गेल्यावर फेडणार कशाने? म्हणून आमची मागणी एवढीच, की पंचनाम्यापूर्वी बेलीफाने कलम ६० ची यादी घरच्या माणसांस मराठीत वाचून दाखवावी. तोवर हे काम आपल्याच मुलामुलींनी करावे. दारी जप्ती आली, तर आधी विचारा, ‘ही वस्तू जप्त होते काय?’ मगच सहीला हात पुढे करा.