मुलांना काय आवडतं, कसं कळणार?

मुलांच्या पुस्तकांचा वाचक नक्की कोण? लिहितात मोठी माणसं, निवडतात मोठी माणसं आणि पैसेही मोजतात मोठीच माणसं. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्याला मात्र क्वचितच कोणी विचारतं. आणि विचारलं तरी खरं उत्तर मिळेलच असं नाही.

वर्गात 'पुस्तक आवडलं का?' असं विचारून पाहा. एका सुरात 'हो गुरुजी' येईल. 'काय शिकलात?' म्हटलं की 'नेहमी खरं बोलावं.' यात मुलांचा खोटेपणा नसतो. विचारणाऱ्याच्या हाती गुण असतात, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. छापील प्रश्नावली दिली तर आणखी पंचाईत. ज्या मुलाला वाचायचा कंटाळा आहे, ते ती भरणार कशी? म्हणजे ज्याचं मत सर्वांत मोलाचं, तेच गणतीतून सुटतं.

'प्रथम'ची 'असर' पाहणी 2005 पासून खेड्यांत घरोघरी जाऊन मुलांना वाचता येतं का, हे तपासत आली आहे. ते काम मोठंच आहे. पण वाचता येणं वेगळं आणि वाचावंसं वाटणं वेगळं.

आमच्या पवनारशी ज्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं, त्या विनोबांनी 1930-31 साली 'गीताई' लिहिली. छापण्यापूर्वी त्यांनी ती वर्ध्याच्या कन्याश्रमातल्या मुलींना शिकवून पाहिली. मुली कुठे अडतात ते टिपून ठेवलं आणि त्याप्रमाणे मजकूर बदलला. मग 1932 मध्ये पुस्तक निघालं. 'गीताई' काही बालवाङ्मय नव्हे, पण पद्धत बघा. 'आवडलं का?' हा प्रश्नच नाही. मूल अडलं तर दुरुस्ती लेखकाने करायची! आपल्याकडे उलट होतं. मूल अडलं की मूलच कच्चं ठरतं. इकडे घरोघरी 'सांबार' म्हणतात, पुस्तकात 'कोथिंबीर' असते. तिथे अडखळलेलं मूल अडाणी कसं?

म्हणून मला वाटतं, विचारण्यापेक्षा बघावं. कोणतं पुस्तक दुसऱ्यांदा मागितलं गेलं, कोणत्या पानाचे कोपरे मळले, कोणती गोष्ट धाकट्या भावंडाला सांगितली गेली आणि सांगताना काय गाळलं गेलं. गाळलेला भाग बहुधा उपदेशाचा असतो!

पण याला वेळ लागतो, आणि मुख्य म्हणजे पुस्तकं मुलांच्या हातात असावी लागतात. फाटतील म्हणून कपाटाला कुलूप घालायचं आणि वर 'हल्लीची मुलं वाचत नाहीत' म्हणायचं, हे बरोबर नाही. कुलपातलं पुस्तक कोरंच राहणार. त्यावरून ना पुस्तकाची परीक्षा होते, ना मुलाची.

असो. पाहणी कोणीही करो, आधी कुलूप काढा. थोडी पुस्तकं फाटू द्या. फाटलेल्या पुस्तकांची यादी नीट ठेवलीत, तर पुढच्या वर्षी काय घ्यायचं ते तीच सांगेल.