बोलता न येणाऱ्याचा ‘हट्ट’

ओपीडीत केसपेपर पुढे सरकवताना आईची तक्रार बहुतेक वेळा तीनच शब्दांची असते. ‘लई हट्टी झालाय.’ मांडीवरचं मूल दहा महिन्यांचं असतं. कधी आठ, कधी चौदा. जरा शिकलेली आई ‘टँट्रम्स करतो’ म्हणते. सोबत आजी असेल तर ती पुस्ती जोडते, ‘लाडावून ठेवलाय, दुसरं काय!’ मग तपशील कळतो. हातातली वस्तू काढून घेतली की बाळ कमान करून मागे पडतं, हातपाय झाडतं, डोकं जमिनीवर आपटतं, लाल होईस्तोवर रडतं.

या वयाच्या मुलाला हट्टी म्हणणं हे निदान म्हणून चुकीचं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. निदान चुकलं की उपचार चुकतो. हट्टी मुलाला आपण वठणीवर आणायला जातो, आणि बोलता न येणाऱ्या बाळाला वठणीवर आणण्याच्या नादात घराघरांत जे उपाय होतात, त्यातले काही फार महागात पडतात.

हट्ट करायला बरंच काही लागतं. एक मागणी मनात पक्की धरून ठेवावी लागते, समोरचा नकार देतोय हे समजावं लागतं आणि किती ताणलं की तो नमतो याचा हिशेब असावा लागतो. चार वर्षांच्या मुलाला हा हिशेब बऱ्यापैकी जमतो. दहा महिन्यांच्या बाळाकडे यातली पहिलीच गोष्ट नुकती कुठे आलेली असते. पाच महिन्यांच्या बाळाच्या हातून किल्ल्यांचा जुडगा घेऊन पदराखाली लपवला, तर त्याच्या लेखी विषय संपतो. आठ-नऊ महिन्यांच्या सुमारास मात्र दिसेनाशी झालेली वस्तू अजून कुठेतरी आहे, हे त्याला कळू लागतं. ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने स्वतःच्या मुलांचं बारकाईने निरीक्षण करून हे मांडलं होतं. आता जुडगा लपवला की बाळ पदर ओढतं, आणि मिळाला नाही की भोकाड पसरतं. आपल्याला जो हट्ट वाटतो, तो त्याची स्मरणशक्ती वाढल्याचा पुरावा असतो.

दुसरी अडचण भाषेची. समज पुढे धावते आणि जीभ मागे राहते. सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही रोजच्या खाण्यापिण्याचे, अवयवांचे काही शब्द ओळखता येतात, हे २०१२ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं. समोर दोन चित्रं ठेवून आईने एका वस्तूचं नाव घेतलं की बाळाची नजर कुठे वळते, एवढंच त्यात मोजलं होतं. पण पहिला अर्थपूर्ण शब्द यायला वर्ष उजाडतं, आणि दोन शब्द जोडून बोलायला जवळपास दोन वर्षं. मधल्या काळात आपलं म्हणणं कळवायला बाळाजवळ रडणं, ओढणं, फेकणं आणि आडवं पडणं एवढीच साधनं असतात. परमुलखात भाषा येत नसताना पोट दुखायला लागलं तर आपण मोठी माणसंसुद्धा किती वेळ सभ्य राहू, कोण जाणे.

फ्लोरेन्स गुडइनफ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९३१ साली लहान मुलांच्या रागावर एक पुस्तक लिहिलं. पद्धत साधी होती. आयांना वह्या दिल्या आणि मूल चिडलं की कधी, कशावरून, किती वेळ आणि तुम्ही काय केलंत, हे लिहायला सांगितलं. रागाचं प्रमाण दुसऱ्या वर्षात सर्वांत जास्त आढळलं आणि पुढे ओसरत गेलं. जेवणाच्या आधी आणि झोपेच्या वेळेजवळ हे प्रसंग वाढत होते, आणि किरकोळ आजारातही. आज इतक्या वर्षांनी मला औषधांच्या चिठ्ठीपेक्षा ही वही जास्त उपयोगी वाटते. चार दिवस लिहून आणा असं सांगितलं की पुष्कळदा आई दुसऱ्या खेपेला स्वतःच म्हणते, ‘मॅडम, रोज संध्याकाळी सहाच्या सुमाराला होतंय.’ सहा वाजता बाळाची दुपारची झोप अपुरी झालेली असते, भूक लागलेली असते, आणि त्याच वेळी घरात कुकर, टीव्ही, कामावरून परतलेली माणसं असा सगळा गलका असतो. खाणं अर्धा तास आधी दिलं तरी निम्मं भांडण मिटतं.

अर्थात, प्रत्येक आकांत हा रागच असतो असं धरून चालू नये. नेहमी हसरं असणारं मूल अचानक कशानेही राहीना, तर आधी कपडे उतरवून त्याला नखशिखान्त बघावं. ताप, कान दुखणं, लंगोटाखाली सोललेली कातडी, खडा झालेली शी, बोटाला किंवा लघवीच्या जागी घट्ट गुंडाळला गेलेला केस, काहीही निघू शकतं. एक प्रकार प्रत्येक घराला माहीत असायला हवा. बाळ मध्येच पाय पोटाशी घेऊन किंचाळतं, काही मिनिटांनी शांत पडतं, पांढरंफटक दिसतं, पुन्हा तेच सुरू होतं, उलट्या होतात. ही आतड्यात आतडं शिरल्याची लक्षणं असू शकतात. रक्तमिश्रित जेलीसारखी शी होण्याची वाट बघू नये. ते उशिराचं लक्षण आहे. अशा बाळाला ‘चिडलंय’ म्हणून घरी ठेवण्यात तास गेले, तर आतडं कुजतं.

आता घरच्या उपायांकडे येते. सगळ्यांत वापरातला उपाय मोबाइल, आणि तो लागू पडतो हे मान्य करायला हवं. तीस सेकंदांत रडणं थांबतं. पण थांबलेल्या बाळाला आपलं काय बिनसलं होतं आणि ते कसं निवळलं, याचा काहीच अनुभव मिळत नाही. पुढे मोबाइल काढून घेणं हेच आकांताचं पहिलं कारण होऊन बसतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलं की एक वर्षाखालच्या बाळाला पडदा अजिबात नको, आणि दुसऱ्या वर्षातही नकोच. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचंही दोन वर्षांखालच्या मुलांबाबत हेच म्हणणं आहे. परगावच्या आजोबांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल तेवढा चालेल.

त्याहून मला भीती वाटते ती औषधांची. ‘सर्दीचं औषध दिलं की छान झोपतो’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता केसपेपरवर लिहून घेते. त्या सिरपमधल्या ॲलर्जीच्या औषधाने गुंगी येते, म्हणून तो झोपतो. या गटातलं प्रोमेथाझिन हे औषध दोन वर्षांखालच्या मुलांचा श्वास मंदावून जीव घेऊ शकतं, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ सालीच दिला. आपल्याकडे डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन एकत्र असलेली सर्दीची औषधं चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत, अशी सूचना वेष्टनावर छापायला लावली. ती सूचना वाचणार कोण? बाटली मोठ्या भावाच्या वेळची उरलेली असते आणि माप चहाच्या चमच्याचं. जुन्या घरांत सहाणेवर जायफळाचे दोन वेढे जास्त दिले जातात, कुठे कुठे अफूचा कण. जायफळ जास्त झालं तर विषारी ठरतं, आणि सहाणेवर किती उगाळलं गेलं हे मोजायचं साधन कुणाकडेच नसतं. अफूबद्दल तर बोलायलाच नको.

तिसरा उपाय हा उपाय नसतो, ती मोठ्यांची सहनशक्ती संपल्याची खूण असते. खांदे धरून गदागदा हलवणं. बाळाचं डोकं शरीराच्या मानाने जड, मान कमकुवत. हलवल्यावर मेंदू कवटीत आदळतो, त्याच्याभोवतीच्या बारीक रक्तवाहिन्या तुटतात, डोळ्यांच्या पडद्यावर रक्तस्राव होतो. बाहेर ओरखडाही दिसत नाही. यात बाळं दगावतात, आणि वाचतात त्यातली काही आंधळी किंवा मतिमंद होतात. असं करणारी माणसं दुष्ट असतात अशी आपली समजूत आहे. बहुतेक वेळा ती एकटी, झोप न झालेली आणि ‘तुला एक पोर सांभाळता येत नाही’ हे ऐकून घेतलेली असतात.

रडता रडता बाळाचा श्वास अडकतो, ओठ निळे पडतात आणि ते क्षणभर बेशुद्ध होतं, हाही प्रकार याच वयात सुरू होतो. घर हादरतं. कुणी तोंडावर पाणी मारतं, कुणी कांदा हुंगायला देतं, आणि त्यानंतर त्या बाळाला कुणी ‘नाही’ म्हणायला धजत नाही. पहिल्या खेपेला डॉक्टरांना दाखवायलाच हवं, कारण फिट किंवा हृदयाचा दोष नाही याची खात्री करावी लागते. तसं काही नसेल तर बाळाला कुशीवर निजवून बाजूला बसावं. श्वास आपोआप सुरू होतो. शाळेत जायच्या वयापर्यंत हे झटके बहुधा थांबतात. पण एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. या बाळांमध्ये रक्तातलं लोह कमी असण्याचं प्रमाण जास्त असतं, आणि लोहाचं औषध दिल्यावर पुष्कळांचे झटके कमी होतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची जवळपास ६९ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. सहा महिन्यांपुढच्या बाळांसाठी लोहाचं सिरप सरकारी केंद्रात फुकट मिळतं, आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर. शी काळी होते म्हणून घरोघरी ते कपाटात पडून असतं. लोह कमी असलेलं मूल किरकिरं असतं, हे प्रत्येक बालरोगतज्ज्ञ सांगेल. दृष्ट काढायला माझी हरकत नाही, मीठ-मोहरी स्वस्त आहे. फक्त त्याच दिवशी हिमोग्लोबिनही तपासून घ्या.

मग आकांत सुरू असताना नेमकं करायचं काय? फार थोडं. बाळाला धोक्याच्या जागेपासून दूर घ्यावं, त्याच्या पातळीवर खाली बसावं, आवाज उतरवावा आणि एकच छोटं वाक्य म्हणावं. ‘किल्ली हवी होती ना?’ त्याला सगळे शब्द कळत नाहीत, पण सूर कळतो. काही बाळांना जवळ घेतलेलं हवं असतं, काही तेव्हा ढकलून देतात; ढकललं तर हातभर अंतरावर बसून राहावं. कात्री, किल्ली, मोबाइल यांपैकी जे द्यायचं नाही ते रडण्याने परत देऊ नये, त्याऐवजी हातात दुसरं काही द्यावं. या वयात लक्ष दुसरीकडे वळवता येतं, ही सोय पुढे राहत नाही. घरातल्या सगळ्यांनी मिळून हसणं, चिडवणं, ‘डॉक्टर सुई टोचतील हं’ म्हणणं बंद करावं. या शेवटच्या वाक्यामुळे कित्येक बाळं मला पाहताच रडतात, म्हणून ही थोडी वैयक्तिक विनंतीही समजा.

लगेच उचललं तर सवय लागते, असं आजीचं म्हणणं असतं. मेरी एन्सवर्थ आणि सिल्व्हिया बेल यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्यांच्या रडण्याला आईने लवकर प्रतिसाद दिला ती बाळं वर्षाच्या शेवटी कमी रडत होती. त्या अभ्यासाच्या पद्धतीवर पुढे वाद झाले, म्हणून मी त्याचा झेंडा मिरवत नाही. पण एक वर्षाखालचं बाळ उचलल्याने बिघडतं, याला मला तरी आधार सापडलेला नाही.

आणि आपल्या मराठी घरांत या वयासाठी एक तयार भाषा आहे, ती वापरा. मम, भूर, गाई, बाऊ, हम्मा. यातले बरेच शब्द ओठांवरच्या म, ब, भ या अक्षरांचे आहेत आणि बाळाला तीच अक्षरं लवकर जमतात. त्यांच्या जोडीला खुणा द्या. संपलं म्हणताना दोन्ही तळवे उघडून दाखवा, मम म्हणताना बोटं ओठांशी न्या, नको म्हणताना मान हलवा. रोज, त्याच शब्दाला तीच खूण. काही आठवड्यांत बाळ ती उलट करून दाखवतं, आणि तहानेसाठी आडवं पडायची गरज उरत नाही. शहरांत या खुणा शिकवणारे पैसे घेऊन चालणारे वर्ग आहेत. त्यामुळे मूल लवकर बोलतं किंवा हुशार होतं याला भक्कम पुरावा नाही, तेव्हा तो खर्च वाचवा.

‘शांत राहा’ हा सल्ला देताना मला नेहमी थोडा संकोच वाटतो. नोकरदार बाईला २०१७ पासून सव्वीस आठवड्यांची पगारी रजा आहे, पण शेतमजूर, घरकाम करणारी, वीटभट्टीवरची आई यात कुठे बसते? शांत राहायला दुसरा हात लागतो. म्हणून बाळाबरोबर आलेल्या वडिलांना मी मुद्दाम विचारते, संध्याकाळी सहा ते आठ बाळ कोणाकडे असतं? आणि एकट्या आईला सांगते की हात शिवशिवायला लागले, तर बाळाला जमिनीवर गोधडीवर ठेव, आजूबाजूला काही लागण्यासारखं नाही ना बघ, आणि पाच मिनिटं दाराबाहेर उभी राहा. रडण्याने ते मरत नाही. आशाताई तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी येतात. त्यांच्या प्रश्नांत ‘बाळ रडतं तेव्हा तू काय करतेस?’ हा एक प्रश्न असावा, असं मला फार वाटतं. वजन लिहून घेण्याइतकाच तो महत्त्वाचा आहे.

शेवटी एक अपवाद. वर्षाचं मूल नावाने हाक मारल्यावर वळत नाही, बोट दाखवत नाही, टाटा करत नाही, बडबडत नाही. किंवा सोळा महिने झाले तरी एकही शब्द नाही, किंवा आलेले शब्द गेले, अशा मुलाच्या आकांताकडे वेगळ्या नजरेने बघावं लागतं. त्याला नीट ऐकू येत नसेल, किंवा विकासाची दुसरी अडचण असेल. ‘आमच्यात मुलगे उशिराच बोलतात’ म्हणून थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशा मुलांची तपासणी मोफत होते आणि जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात श्रवण चाचणीची सोय असते. जाताना माता व बाल संरक्षण कार्ड सोबत न्या; पहिला हुंकार कधी, पहिलं ‘मम’ कधी, हे त्यावर लिहिलेलं असेल तर आमचं निम्मं काम होतं.