वाट बघताना

"धीर धर, देवाची वेळ यावी लागते." मंडळीतल्या एखाद्या घरात आजारपण आलं, नोकरी गेली, मुलीचं लग्न लांबलं की हे वाक्य हमखास ऐकू येतं. म्हणणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण गेली दोन वर्षं बाबा अंथरुणाला खिळल्यापासून मी ते इतक्यांदा ऐकलंय, की आता वाटतं विचारावं... धीर धरायचा म्हणजे नेमकं करायचं काय? वर कुणीतरी हळूच विचारून जातं, "प्रार्थनेत विश्वास कमी पडतोय का?" हे तर फारच लागतं.

अशा वेळी मला पंडिता रमाबाई आठवतात. आपल्या पुण्याशी, केडगावशी जोडलेलं नाव, पण आपण त्यांना फक्त जयंती-पुण्यतिथीपुरतं बाहेर काढतो.

विचार करा. आई, वडील, बहीण दुष्काळात उपासमारीने गेली. १८८० साली भाऊ गेला. १८८२ साली नवरा गेला, पदरात तान्ही मनोरमा. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झाला. आपल्या साक्षींमध्ये ऐकू येतं तसं इथून पुढे सगळं सुरळीत व्हायला हवं होतं ना? तसं झालं नाही. मनाला खरी शांती मिळायला आणखी आठेक वर्षं लागली, असं त्यांनी स्वतःच पुढे आपल्या साक्षीत लिहून ठेवलंय. ख्रिस्ती धर्म हाती आला होता, ख्रिस्त अजून भेटायचा होता. आठ वर्षं! आणि त्या काळात त्या बसून नव्हत्या. अमेरिकेत फिरल्या, पुस्तक लिहिलं, १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यात आणलं.

१८९३ साली धर्मांतराच्या आरोपावरून पुण्यात वादळ उठलं. सल्लागार मंडळींनी अंग काढून घेतलं, पालकांनी बऱ्याच मुली घरी नेल्या. उभारलेलं डोळ्यांदेखत रिकामं होत होतं. पण १८९६-९७ च्या दुष्काळात हीच बाई मध्य प्रांतात गेली आणि उपाशी मुली, विधवा गोळा करून घेऊन आली. ज्या भुकेने तिचं घर संपवलं, त्याच भुकेच्या तोंडून तिने दुसऱ्यांच्या लेकी सोडवल्या. केडगावचं मुक्ती त्यातूनच वाढलं.

बायबलच्या भाषांतराचंही तसंच. साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल हवं म्हणून उतारवयाकडे झुकताना त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. हे काम वर्षानुवर्षं चाललं. १९२१ साली त्यांचा उजवा हात असलेली मनोरमा गेली. तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई स्वतः गेल्या. आता सांगा, कुठे कमी पडला होता त्यांचा विश्वास?

म्हणूनच माझं स्पष्ट मत आहे, की संकट किती टिकलं यावरून कुणाचा विश्वास मोजू नये. मोजणारे आपण कोण? आणि देवाकडे गाऱ्हाणं केलं म्हणजे विश्वास ढळला असंही नाही. स्तोत्रसंहिता उघडून बघा, दीडशे स्तोत्रांत रडणं, भांडणं, 'कुठवर' असं विचारणं किती आहे ते. ज्याच्याशी नातं तुटलंय त्याच्याशी माणूस भांडत नाही, त्याला सोडूनच देतो.

बाबा उठून चालतील की नाही, मला माहीत नाही. पण त्यांची कूस बदलणं, औषधाची वेळ सांभाळणं, रात्री त्यांना आवडणारं एखादं गीत म्हणणं हे रोज माझ्यापुढे आहे. मोठं उत्तर मिळेपर्यंत ही छोटी कामं देवानेच दिलीत, असं मी मानते. आणि ज्या दिवशी माझ्याच्याने प्रार्थना होत नाही, त्या दिवशी मंडळीतल्या दुसऱ्या कुणीतरी ती माझ्यासाठी करावी. मंडळी त्याचसाठी असते.

तेव्हा एवढीच विनंती. पुढच्या वेळी अशा घरी जाल तेव्हा "धीर धरा" जरूर म्हणा, पण सोबत जेवणाचा डबा न्या. एक रात्र आजाऱ्यापाशी बसा. धीर असाही देता येतो.