भांडण मिटविणे आणि दडपणे

मराठवाडा आणि विदर्भ यांच्या सीमेवरील कनेरगाव नाक्यासारख्या गावात मधल्या सुट्टीतील भांडण शाळेच्या कुंपणाआड राहत नाही. चेंडूवरून झालेली झोंबाझोंबी सायंकाळपर्यंत घरी पोहोचते; तेथे बांधाचा किंवा भावकीचा जुना वाद धुमसत असेल, तर मुलांचे भांडण वडीलधाऱ्यांचे होते. क्वचित त्यास जातीचाही रंग चढतो. म्हणूनच या प्रश्नास क्षुल्लक लेखणे योग्य नव्हे.

दोघांनाही दोन-दोन छड्या देऊन वर्गात बसविणे, ही आपली जुनी रीत. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यातील कलम १७ ने शारीरिक शिक्षेस व मानसिक छळास मनाई केली, हे उचितच झाले. परंतु छडीच्या जागी काय आणावयाचे, हे ते कलम सांगत नाही. परिणामी काही शिक्षक काणाडोळा करतात, तर काही बळेच हातात हात द्यावयास लावतात. दोन्ही मार्गांनी भांडण मिटत नाही. ते केवळ दडपले जाते.

साने गुरुजींनी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात अध्यापन केले. तेथील छात्रालयाची जबाबदारी आल्यावर ते मुलांच्या अस्ताव्यस्त खोल्या स्वतः आवरीत, त्यांचे कपडे धुऊन ठेवीत. मुले ओशाळत, ती अपमानाने नव्हे, आपलेपणाने. शिक्षकाचा शब्द मानला जावा, यासाठी लागणारा अधिकार असा मिळवावा लागतो.

अधिकारास पद्धतीचीही जोड हवी. १५ ऑगस्ट २००७ रोजी राज्यात सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने सामोपचाराचे तत्त्व गावोगाव नेले. तेच वर्गात का आणू नये? प्रथम दोघांना शांत होऊ द्यावे. मग एकाने बोलावे, दुसऱ्याने मध्ये न बोलता ऐकावे, व ऐकलेले आपल्या शब्दांत सांगावे. झालेले नुकसान कसे भरून द्यावयाचे, हे त्या दोघांनीच ठरवावे. फाटलेली वही शिवून देणे ही शिक्षा नव्हे, भरपाई आहे.

अर्थात जेथे एक सबळ दुसऱ्या दुर्बळास रोज छळतो, तेथे भांडण नसून अन्याय असतो. तेथे समेटाचा आग्रह धरणे म्हणजे दुर्बळावर दुसरा अन्याय करणे होय. तेथे शिक्षकाने दुर्बळाच्या बाजूने ठामपणे उभे राहिलेच पाहिजे.

या साऱ्यास वेळ लागतो, आणि शिक्षकाचा वेळ तर जनगणना व निवडणुकीच्या कामांतही खर्ची पडतो, ही तक्रार रास्त आहे. तथापि आज वाचविलेली दहा मिनिटे गाव पुढे पोलीस ठाण्याच्या व न्यायालयाच्या खेपांत कैकपटीने भरते. शाळेच्या वेळापत्रकात या दहा मिनिटांस हक्काची जागा मिळावी, एवढीच मागणी आहे. ती महाग खचितच नाही.