केबल बदलून काय होणार?

सर्व्हरचं नेटवर्क मंदावलं की आधी केबल बदलतात, मग स्विच, शेवटी पोरगा. कार्डाचं फर्मवेअर आणि ड्रायव्हर कोणत्या साली टाकले, हे कुणी बघत नाही. विंडोज सर्व्हर 2012 चं हायपर-व्ही आठवा. ब्रॉडकॉमच्या 1 गिगाबिट कार्डावर व्हीएमक्यू ही सोय चालू असली की व्हर्च्युअल मशीन रांगायच्या, होस्ट मात्र ठणठणीत! दोष ड्रायव्हरचा होता. नवा टाकेपर्यंत व्हीएमक्यू बंद ठेवायचं, एवढाच उतारा. तरी "चालतंय ना, हात लावू नका" म्हणणारे साहेब मला अजून भेटतात. अपडेटसाठी रात्री तासभर सर्व्हर बंद ठेवायची परवानगी देत नाहीत, आणि सकाळी मेमो ज्युनिअरच्या हातात. परवानगी तुम्ही अडवलीत, मग जाब त्याला कसा विचारता?