हिस्सा ‘मिळाला’ म्हणजे काय मिळाले?

जिल्ह्याच्या गावातल्या कोणत्याही नावाजलेल्या दिवाणी वकिलांच्या ऑफिसात जाऊन बसा. बाहेरच्या बाकावर तासभर गेला की त्यांनी कोणाकोणाचे दावे जिंकून दिले ते आपोआप कळते. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिलांना जाहिरात करता येत नाही, पण कारकून, जुने पक्षकार आणि समोरचा चहावाला मिळून ते काम चोख करतात. आपल्या संघटनाही या ख्यातीवरच वकील निवडतात. निकाल बाजूने लागला की पेढे वाटले जातात, आणि वर्षाअखेरीस आपण अहवालात लिहितो की इतक्या बहिणींना वडिलांच्या मालमत्तेत हिस्सा मिळाला.

यातल्या ‘मिळाला’ या शब्दाबद्दल मला बोलायचे आहे.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर गेल्या तीस वर्षांत आपण खूप मिळवले. महाराष्ट्राने १९९४ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला, पण त्या वर्षीच्या २२ जूनपूर्वी लग्न झालेल्या मुलींना बाहेर ठेवले. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ती भिंत पाडली. तरी ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असायला हवेत का, यावर पुढे पंधरा वर्षे वाद चालला. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो मिटवला: वडील तेव्हा हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क जन्माने आहे. या निकालांमागे वकिलांनी घेतलेले कष्ट मोठे आहेत. ते नाकारण्याचा करंटेपणा मी करणार नाही.

पण गावात काय होते ते पाहू. वाटपाच्या दाव्यात कोर्ट आधी ठरवते की कोणाचा किती हिस्सा. एक पंचमांश, एक सप्तमांश, जे असेल ते. हा प्राथमिक हुकूमनामा. त्यात बाईचा अपूर्णांक असतो, जमीन नसते. कोणत्या गटातला कोणता तुकडा, विहिरीत पाळी किती, वाट कुठून, यातले काही ठरलेले नसते. शेतजमीन असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे प्रत्यक्ष वाटपाचे काम जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. तिथून कागद तहसीलदारांकडे, तिथून मोजणीसाठी भूमी अभिलेखकडे. मग सरस-निरस मानाने वाटपाचा तक्ता, त्यावर भावांच्या हरकती, मग ताबा, मग फेरफार, आणि सगळ्यात शेवटी सातबाऱ्यावर नाव. घर असेल तर कोर्ट कमिशनर नेमून अंतिम हुकूमनामा करून घ्यावा लागतो आणि तो स्टॅम्पपेपरवर उतरवावा लागतो. समोरचा ऐकत नसेल तर त्याच्यावर दरखास्त. म्हणजे पुन्हा नोटिसा, पुन्हा बेलिफ, पुन्हा तारखा.

एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत आम्हाला कायद्यांची कलमे शिकवली. नाझर कोण असतो आणि त्याच्या टेबलाशी बाईला किती वेळा उभे राहावे लागते, हे कोणी शिकवले नाही. ते बायकांनीच शिकवले.

हा काही माझ्या तालुक्यापुरता अनुभव नाही. निकाल हाती आल्यावरच भारतातल्या पक्षकाराच्या अडचणी सुरू होतात, असे प्रिव्ही कौन्सिलने १८७२ साली म्हणून ठेवले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली सांगितले की दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढा. २०२२ साली सांगितले की प्राथमिक हुकूमनाम्यानंतर कोणी नवा अर्ज करण्याची वाट न पाहता कोर्टाने स्वतःहून अंतिम हुकूमनाम्याकडे जावे. मग २०२५ साली त्याच न्यायालयाने देशभरातल्या प्रलंबित दरखास्ती मोजायला लावल्या, तेव्हा आकडा निघाला ८ लाख ८२ हजारांहून अधिक. त्यात सर्वांत मोठा वाटा आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाच्या कक्षेतला, ३ लाख ४० हजारांहून अधिक. यातला प्रत्येक दावा कोणीतरी जिंकलेला आहे. कोणत्या तरी वकिलाच्या यशाच्या यादीत तो जमा आहे.

आमच्या केंद्रात येणाऱ्या एका बाईंचे उदाहरण सांगते. नाव, गाव सांगत नाही. तीन भाऊ, दोन बहिणी. वडिलांची बागायती जमीन. धाकट्या बहिणीने हक्कसोडपत्रावर सही केली, यांनी केली नाही. माहेर तुटले. दिवाळीला येणारी साडी बंद झाली, भाच्याच्या लग्नाचे आमंत्रण आले नाही. वकील चांगले होते, जिल्ह्यात नाव असलेले, चार ज्युनियर हाताखाली. दावा नऊ वर्षे चालला आणि निकाल पूर्ण यांच्या बाजूने लागला. त्यानंतर कागद तहसील कचेरीत गेला आणि तिथेच राहिला. मोजणीची तारीख तीन वेळा लागली. एकदा उसात मोजणी होत नाही म्हणून परत गेले, एकदा मोजणीदार आला नाही, एकदा भावांनी नोटीसच मिळाली नाही म्हणून हरकत घेतली. वकिलांना विचारले तर म्हणाले, “ताई, आपले काम निकालापर्यंत होते. दरखास्तीची फी वेगळी पडेल.” यात ते खोटे काही बोलत नव्हते, ठरले तसेच होते. बाईंचे वय एकसष्ट. शेवटी थोरल्या भावाने बाजारभावाच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतकी रक्कम पुढे केली आणि त्यांनी ती घेऊन तडजोडीवर अंगठा दिला. मला म्हणाल्या, “मी मेल्यावर जिंकून काय करू?”

वकिलांच्या लेखी हा जिंकलेला दावा आहे.

इथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. अमेरिकेत वकिलांना १९७७ पासून जाहिरातीची मुभा आहे आणि तिथल्या खटले लढवणाऱ्या कंपन्या आपले विजय डॉलरच्या आकड्यांत छापतात. नुकसानभरपाईच्या दाव्यांत त्यांची फी बहुधा वसूल झालेल्या रकमेच्या टक्क्यांनी असते. ती पद्धत आपल्याकडे यावी असे मी म्हणत नाही. बाईच्या हिश्शात वकिलाची भागीदारी नको, आणि आपल्या बार कौन्सिलने ती मनाई केली आहे तेच बरे. पण त्या पद्धतीत वकिलाला निकालावर थांबून चालत नाही, कारण पैसा हातात येईपर्यंत त्यालाही काही मिळत नाही. आपल्याकडे फी निकालापाशी संपते, तिथेच लक्षही संपते, आणि बाईचे खरे खेटे तिथूनच सुरू होतात.

काही मैत्रिणी म्हणतात, निकाल हीच मोठी गोष्ट, त्याने इतर बायकांना बळ येते. येते, हे खरे आहे. केरळच्या मेरी रॉय यांनी १९८६ साली जिंकलेल्या दाव्याने सिरियन ख्रिश्चन बायकांचा वारसाहक्क उभा राहिला. पण स्वतःचा हिस्सा प्रत्यक्ष हातात यायला त्यांना त्यानंतरही वीसहून अधिक वर्षे लागली. त्यांच्याकडे शिक्षण होते, स्वतः उभी केलेली शाळा होती, जिद्द होती. रोजगार बुडवून तालुक्याला येणाऱ्या बाईने तितकी वर्षे कशाच्या जोरावर काढायची? आणि तिची हार पाहून शेजारची बहीण हक्कसोडपत्रावर गुपचूप सही करते, ते बळ कोणाच्या खात्यात मांडायचे?

म्हणून मला वाटते, वकीलपत्रावर सही होण्याआधीच संघटनेने बोलून घ्यावे: फी ताब्यापर्यंतची ठरवा, आणि तिचा एक हप्ता सातबाऱ्यावर नाव चढल्यावरच द्या. ‘तुम्ही किती दावे जिंकलात’ याबरोबर ‘त्यातल्या किती बायका आज ती जमीन कसतात’ हेही विचारा. प्रश्न उद्धट वाटेल, वाटू दे. वकील तयार नसतील तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो आणि तो दरखास्तीसाठीही मागता येतो. हुकूमनाम्याच्या अंमलासाठी मुदत बारा वर्षांची असते, तेव्हा जुने निकाल कपाटातून काढून तारखा तपासा. मोजणीच्या दिवशी बाईला बांधावर एकटी उभी करू नका. चौघीजणी बरोबर असल्या की मोजणीदारही येतो आणि हरकतीचा आवाजही जरा खाली येतो, हे मी दोनदा पाहिले आहे.

आमच्या केंद्राच्या नोंदवहीत या वर्षापासून ‘निकाल’ या रकान्यापुढे आणखी दोन रकाने आखले आहेत, ‘ताबा’ आणि ‘सातबारा’. पहिला रकाना बऱ्यापैकी भरलेला आहे. दुसऱ्यात तीन नोंदी आहेत, तिसऱ्यात एक.